आपल्याच सुताची दोरी

टेबलावर अकरा हेल्मेट होती. सहा पिवळी, पाच निळी. कमरेला आणि मांड्यांना आवळायचे दोन सुरक्षापट्टे. पांढऱ्या नायलॉन दोराचं एक भेंडोळं. लोखंडी कप्पी एक. गादीच्या फोमचे तीन तुकडे, तिन्ही वेगळ्या जाडीचे. प्रथमोपचाराची पेटी एक. पोलिसांची परवानगी, विम्याचे कागद आणि मुलींच्या वयाचे दाखले लावलेली एक फाईल. आणि या सगळ्याच्या मधोमध एक मातीचं मडकं, ज्याच्यासाठी हे बाकीचं सगळं जमलं होतं.

टेबलाभोवती आठ खुर्च्या होत्या. सात भरलेल्या, आठवी दाराजवळची मोकळी. माधवी बोंडे तिच्यावर बसली आणि सवयीने मोजायला लागली. गिरणीच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं सूत मोजणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. तिच्या मोजण्यात आलं ते असं, की टेबलावरच्या सगळ्या वस्तू दीपमाला तायडेने आणल्या होत्या आणि आपली एकही नव्हती.

नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीतल्या या सूतगिरणीत गोपाळकाला बरीच वर्षं होत आला होता, पण गेली पाच वर्षं तो माधवीचा होता. वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यातल्या मुली एकमेकींच्या खांद्यावर पाय ठेवायला लाजायच्या, तेव्हा तिने स्वतः खालच्या थरात उभं राहून त्यांना चढवलं होतं. तिच्या काळात टेबलावर फक्त मडकं असे. बाकी सगळं तोंडी.

मग मागच्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात काल्याच्या दिवशी तिसऱ्या थरावरून एक मुलगा पडला. पाठीचा मणका गेला. घरचे कोर्टात गेले आणि तिथला मॅनेजर अजून तारखांना हजर राहतो. हे कानावर आल्यापासून इथले मॅनेजर धर्मेंद्र साहेब काल्याचं नाव काढलं तरी घाम पुसायचे. अशात जानेवारीत दीपमाला आली. अकोल्याची, वकिलीची पदवी घेतलेली, कामगार विभागात. रोज सकाळी गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला उतरायची आणि तिथून गिरणीच्या बसने यायची, तरी तिच्या साडीची एक घडी मोडलेली नसायची. माधवी बडनेऱ्यातच राहायची, त्याच बसने यायची, आणि तिची ओढणी गिरणीच्या फाटकापर्यंत चुरगळून जायची. हेसुद्धा माधवीच्या मोजण्यातून सुटलं नव्हतं.

"मॅडमनं सांगावं आता," साहेब म्हणाले. दोन वर्षांपूर्वी याच साहेबांनी माधवीला सांगितलं होतं, सुरक्षा समितीवर पुढच्या वेळी तुम्हीच. पुढची वेळ आली आणि 'मॅडम' हा शब्द खुर्ची बदलून गेला.

दीपमाला उभी राहिली नाही. बसूनच बोलली, घरच्यासारखी.

"तीन थर. चौथा नाही, कोणी किती बी आग्रह केला तरी नाही. चढणाऱ्या सगळ्याईले हेल्मेट अन् सगळ्यात वरची करिश्मा, तिले पट्टा. अठराच्या खालची एक बी पोरगी नाही, दाखले फाईलमंदी हायेत. खाली गाद्या. परवानगीवर सही माझी राहीन. काही झालं तं पयले मले विचारतीन."

सही माझी राहील. माधवीने हे वाक्य नीट ऐकलं आणि मनात घडी घालून ठेवलं. त्यामुळे पुढचं वाक्य तिच्या कानावरून नुसतंच गेलं.

"पण एक सांगून ठेवते," दीपमाला म्हणत होती. "सही नाही म्हून कोणी सुटत नसते. ज्याले धोका माहीत होता अन् तो चूप राह्यला, त्याले बी कोर्ट सोडत नाही."

"बापा, घाबरोता काय आमाले!" नत्थुजी हसले. ते फिटर होते, गिरणीइतकेच जुने, आणि हंडी टांगायचं काम त्यांचं. "अन् दोरीचं? दोरी आपल्याच सुताची पाह्यजे, मॅडम. ते कायद्यात नाही, पण रिवाजात हाये."

तो रिवाज होताच. हंडीची दोरी बाजारातून आणायची नाही. गिरणीच्या कोनांवरचं, म्हणजे शंकूसारख्या कागदी नळ्यांवर गुंडाळलेलं सूत बाळापूरच्या किसनरावांकडे न्यायचं, आणि त्यांनी पीळ घालून तिची दोरी करून द्यायची. काल्याच्या सकाळी ती हौदात भिजवायची आणि ओलीच बांधायची. 'सूत भिजलं का पक्कं होते,' नत्थुजी दरवर्षी सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं. कापसाचा धागा ओला झाला की खरोखर बळकट होतो. माधवीने तो यंत्रावर ताणून पाहिला होता. सूतही दरवर्षी तीच निवडून द्यायची, प्रयोगशाळेतल्या तपासलेल्या कोनांमधून. हे तिचं काम आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ती करायची, म्हणून तिचं होतं.

"दोरीचं मी पाहाते," दीपमाला म्हणाली. "बाळापूर मले अकोल्याहून जवळ पडते."

माधवीच्या हातातलं शेवटचं काम इतक्या सहज काढून घेतलं गेलं होतं, की काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. हेच जास्त झोंबलं. हिसकावून घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

कॅन्टीनमध्ये दुपारी तोच विषय. दुर्गाबाई वाइंडिंगमधल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी भाकरी मोडता मोडता सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काहून वं माधवी, काल्याचं काम तायडेबाईकडे कसं गेलं? तिच्या घरी कृष्ण तरी हाये काय? जयभीमवाले ना ते लोक?"

पाच-सहा जणींनी माधवीकडे पाहिलं. तिचं एक वाक्य पुरलं असतं. 'मावशी, असं बोलू नये' एवढं. ती ताकाचा ग्लास हलवत राहिली. तळाशी बसलेलं मीठ वर येईपर्यंत हलवत राहिली.

"नाही बा, आमच्या घरी कृष्ण नाही येत." दीपमाला मागे ताट घेऊन उभी होती. "पण मावशी, पोरगी वरून पडली तं हाड सगळ्याईचं सारखंच मोडते. देवाचं तुमी पाहा, पडणारीचं मी पाहाते. बसू काय इथं?"

दुर्गाबाईच हसल्या, सरकल्या आणि आपल्या डब्यातला ठेचा तिच्या ताटात वाढला. "जिभेले धार हाये वं तुह्या! खाय."

माधवीने ताक संपवलं. खारट झालं होतं. सहा वर्षांत दुर्गाबाईंनी आपल्याला कधी ठेचा वाढला होता का, हे ती आठवत होती. वाढला नव्हता.

दीपमाला बाळापूरला निघाली त्या दिवशी माधवी प्रयोगशाळेच्या खिडकीत होती. स्टोअरमधून कोन आणले गेले आणि गिरणीच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवले गेले. माधवीची नजर त्यांच्या टोकांवर गेली. गिरणीत सुताचा प्रकार कोनाच्या कागदी नळीच्या रंगावरून ओळखतात. कापसाची नळी निळी. हे कोन हिरवे होते.

हिरवी नळी म्हणजे व्हिस्कोस. गुढीपाडव्यानंतर नवी ऑर्डर आली आणि आठ यंत्रांवर व्हिस्कोस चढलं होतं. दिसायला कापसाहून सुंदर. चकाकतं, हाताला रेशमासारखं लागतं. स्टोअरवाल्याने काल्यासाठी म्हणून चांगल्यातलं चांगलं काढून दिलं असणार. फरक एवढाच, की व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून होतं आणि भिजलं की कापसाच्या उलट वागतं. त्याचं बळ जवळजवळ निम्म्यावर येतं.

दीपमाला गाडीत बसता बसता थांबली आणि खिडकीकडे पाहून ओरडली, "ताई, तुमी येता काय संगं? किसनरावांची ओळख तुमचीच हाये."

"काम हाये मले."

"बरं. काही राह्यलं तं नाही ना? तुमी पाच वर्षं केलं, तुमाले जास्त ठाऊक."

हिरव्या नळ्या गाडीच्या काचेतून सरळ दिसत होत्या.

"नाही," माधवी म्हणाली. "सगळं हाये."

गाडी गेली. माधवी स्वतःला समजावत बसली. कोरडी असेल तोवर दोरी चांगलीच राहील. आणि आपण खोटं तरी काय बोललो? घेतलं ते बरोबर आहे का, हे तिने विचारलंच नव्हतं. राहिलं का, एवढंच विचारलं होतं. अशी वाक्यं करताना माणसाचं डोकं फार चपळ चालतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच लॉटचा एक कोन मागवला. धागा यंत्रावर लावला. कोरडा: सरासरी चारशे सत्तर ग्रॅमला तुटला. मग काचेच्या बशीत पाणी घेऊन धागा भिजवला आणि पुन्हा लावला. दोनशे तीस. तिने वीसदा मोजलं. इतक्यांदा मोजायची गरज नव्हती. प्रत्येक वेळी धागा तुटला की तिला थोडं बरं वाटत होतं.

तिच्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं. सगळे पाहुणे जमलेत, साहेब पहिल्या रांगेत, आणि कोणी हात लावायच्या आधीच दोरी तुटून मडकं खाली पडतं. दही सांडतं. सगळे हसतात. दीपमालाच्या साडीच्या घडीवर दह्याचे थेंब. मग साहेब मागे वळून म्हणतात, अरे, माधवी मॅडमला विचारायला हवं होतं. चित्रात करिश्मा नव्हती. माधवीने तिला त्यातून काढून ठेवलं होतं. तिला पट्टा होता ना? नायलॉनचा दोर होता, कप्पी होती.

सराव झाला तेव्हा तो आधारही गेला.

कॅन्टीनची गच्ची एका बाजूला, पाण्याच्या टाकीचा लोखंडी मनोरा दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मोकळ्या आवारावर दोरी आडवी ताणायची, अशी दरवर्षीची पद्धत. नत्थुजींनी बाळापूरहून आलेली दोरी उलगडली आणि बोटांनी चोळली.

"यंदा लय चकाकून राह्यली. किसनरावनं मेण लावलं काय?"

"ते बी म्हणत होते, सूत लय मऊ हाये, रेशमावानी," दीपमाला म्हणाली. "म्या म्हटलं, आमच्या गिरणीचा माल सुधरला."

सगळे हसले. नत्थुजी वर चढले, त्यांनी दोरी ताठ बांधली आणि मग दोरीच्या मधोमध कप्पी अडकवली. माधवी चमकली. आवारावर दुसरं काहीच नव्हतं. ना तुळई, ना क्रेन. करिश्माच्या पट्ट्याचा नायलॉन दोर त्या कप्पीतून जाणार होता. म्हणजे करिश्मा पडली तर तिचा सगळा भार हंडीच्याच दोरीवर.

भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला हे गणित करावं लागत नाही, ते आपोआप होतं. आडव्या ताणलेल्या दोरीच्या मध्यावर वजन टांगलं की दोरीला तेवढाच ताण बसत नाही. दोरी जितकी ताठ, तितका ताण जास्त. इथे तो वजनाच्या पाचपट होता.

दीपमालाने करिश्माला पट्टा आणि हेल्मेटसकट गोदामाच्या काट्यावर उभं केलं. त्रेचाळीस किलो. मग तिला कप्पीवरून ओढून पाच फुटांवर अधांतरी टांगलं. करिश्मा एकोणीस वर्षांची, वाइंडिंगमधली; ती हवेत गोल गोल फिरून किंचाळायला लागली.

"माय वं! झुल्यावानी वाटते! दीपाताई, राहू द्या मले इथंच!"

दोरी कोरडी होती. तिने त्रेचाळीस किलो आरामात पेलले. दीपमालाने समाधानाने मान हलवली, नत्थुजींना दोरी उतरवायला सांगितलं आणि पुन्हा माधवीकडे पाहिलं. "झाली ना ताई चाचणी?"

आता बोलायला हवं होतं. माधवीच्या तोंडाशी शब्द आलेही होते. तेवढ्यात साहेब टाळ्या वाजवत पुढे आले. "वा, मॅडम! इतकं पक्कं काम या गिरणीत कधी झालं नव्हतं."

कधी झालं नव्हतं. पाच वर्षं त्या तीन शब्दांत पुसली गेली. माधवीने तोंडाशी आलेलं गिळलं.

"झाली," ती म्हणाली.

काल्याच्या दिवशी आवार भरून गेलं. वाइंडिंगच्या मुली पिवळ्या टी-शर्टात, त्यांच्या घरची माणसं, पाहुणे म्हणून आलेले गिरणीचे एक भागीदार, आणि पाणी मारायला अग्निशमनाचा पाइप. माधवी अकराच्या सुमारास आली तेव्हा हौदाशी नत्थुजी वाकलेले होते. दोरी हौदाच्या तळाशी वेटोळं घालून पडली होती.

"केव्हाची भिजून राह्यली?" माधवीने विचारलं.

"पहाटंपासून. मस्त मुरली." नत्थुजींनी एक टोक वर काढून पिळलं. "पाह्य, लोखंड झालं आता."

तिने टोक हातात घेतलं. थंडगार, जड आणि सुजल्यासारखं. तिने ते परत पाण्यात सोडलं आणि ती कॅन्टीनच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

समोर दीपमाला सगळीकडे होती. गाद्यांवर स्वतः उडी मारून पाहत होती. पाइपवाल्याला सांगत होती, पोरीईच्या डोळ्यावर नको मारजा. एका मुलीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून रुमालात बांधत होती. मुली तिच्याभोवती 'दीपाताई, दीपाताई' करत होत्या. पाच वर्षं या मुलींनी 'ताई' म्हटलं की माधवी वळून पाहायची. आताही ती दोनदा वळली.

जीव जळणं म्हणजे काय, ते तिला त्या सावलीत नीट कळलं. ती जळण दीपमालाने काही वाईट केलं म्हणून नव्हती. तिने सगळं चांगलं केलं होतं, आपल्याहून चांगलं, आणि एकच चूक केली होती. ती चूक माधवीच्या मुठीत होती. मूठ उघडली की हातात काहीच उरणार नव्हतं.

करिश्मा धावत आली. पट्टा बांधलेला, हेल्मेट काखेत. "ताई, माही वेणी आवळून द्या ना. हेल्मेटमंदी बसत नाही."

माधवी तिचे केस वळायला लागली. तीन पेड, एकावर एक.

"भेव वाटते काय वं?"

"पयले वाटे. म्या दीपाताईले म्हटलं, मी नाही चढत, आमची माय रडते. तं त्या म्हणे, पट्टा कायद्याचा हाये, पण दोरीचं माधवीताईनं पाह्यलं हाये. त्या सूत ओळखतात, आपण नाही ओळखत. त्या हो म्हणाल्या म्हून म्या परवानगीवर सही केली, असं म्हणे दीपाताई." करिश्माने मान वळवून हसून पाहिलं. "मंग म्या मायले बी तेच सांगतलं."

माधवीचे हात थांबले. पहिल्यांदा आला तो राग. भरवसा ठेवायचं कामसुद्धा हिने आपल्याआधी करून टाकलं! मग रागाखालून दुसरं काहीतरी वर आलं, आणि बैठकीतलं ते दुसरं वाक्य, जे कानावरून गेलं होतं, ते आता शब्दनशब्द ऐकू आलं. धोका माहीत होता अन् तो चूप राह्यला.

समोर नत्थुजी टाकीच्या मनोऱ्यावर चढत होते. खांद्यावरून ओली दोरी ठिबकत होती.

तिने वेणी अर्धीच सोडली आणि माइकजवळ उभ्या असलेल्या दीपमालाकडे गेली.

"दोरी उतरव."

"काय झालं ताई?"

"कापसाची नाही ते. व्हिस्कोस हाये. भिजली का अर्ध्यावर येते. करिश्मा लटकली तं तुटन."

दीपमालाने तिच्याकडे पाहिलं. काय विचारायचं ते तिच्या डोळ्यांत आलं आणि तिने ते तिथेच ठेवलं. माइक उचलला.

"नत्थुजी, खाली या. दोरी बांधू नका. थर लागणार नाहीत."

आवारात गलका झाला. भागीदारांनी घड्याळ पाहिलं. साहेब लगबगीने आले. "अहो मॅडम, पाहुणे बसलेत! बाजारातून दुसरी दोरी आणू, अर्ध्या तासात येईल."

"तिची खात्री कोण देईन साहेब? तपासल्याबिगर मी पोरगी चढवत नाही." मग माइकवर, "लॅबनं दोरी नाकारली हाये. हंडी यंदा खालूनच फुटन. काठी आणा."

लॅबनं. नाव घेतलं नव्हतं, पण गिरणीत लॅब म्हणजे कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुलींच्या रांगेतून पहिला आवाज करिश्माचाच आला.

"माधवीताई, काय केलं वं तुमी? महिनाभर चढून राह्यलो आमी! ऐन वखती आठवलं काय तुमाले?"

"जळते ते," कोणीतरी मागून म्हणालं, हळू नव्हे. "काम गेलं ना हातचं."

मग नत्थुजींनी मडकं बांबूला बांधून दोन माणसांच्या हातात दिलं, पाइप सुरू झाला आणि दुर्गाबाईंनी डोळ्यांवर पट्टी बांधून चौथ्या फटक्याला ते फोडलं. हसणं झालं, काला वाटला गेला. पण दरवर्षी मुली तिसऱ्या थरावरून जी आरोळी ठोकत, ती या वर्षी उठली नाही. भागीदारांना गाडीपर्यंत सोडून परत येताना साहेब दीपमालापाशी थांबले. माधवी दोन हातांवर होती.

"पाहुण्यांना आवडलं बरं का. म्हणाले, इतकी काळजी घेणारी माणसं पाहिजेत. तुम्ही होता म्हणून, मॅडम."

"मी नाही साहेब. माधवीताईनं थांबवलं."

"हो, हो," साहेब माधवीकडे न पाहता म्हणाले, आणि गेले.

माधवीला वाटलं, हिने हे तरी बोलायला नको होतं. श्रेय स्वतः घेतलं असतं तर तिचा राग करणं सोपं गेलं असतं. आता रागही उसना वाटत होता.

आवार रिकामं झालं. चिखलात दह्याचे पांढरे डाग, खापऱ्या, एक पिवळी चप्पल. हौदाच्या कठड्यावर दोरी पडली होती. दीपमाला तिच्याशेजारी टेकली. साडीची घडी पहिल्यांदाच मोडली होती, निऱ्यांना चिखल लागला होता. माधवीने ते पाहिलं. तिला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही.

"एकच विचारते ताई. बाळापूरले जाताना म्या तुमाले विचारलं, काही राह्यलं काय. तवा ठाऊक होतं तुमाले?"

नत्थुजी खापऱ्या गोळा करता करता थांबले. 'आजच कळलं' म्हटलं असतं तर चाललं असतं. तपासणारं दुसरं कोणी नव्हतं. धागा तिनेच भिजवला होता, तिनेच तोडला होता.

"होतं," माधवी म्हणाली. "नळी हिरवी होती."

"अन् सरावाच्या दिवशी?"

"तवा बी."

दीपमालाने हातातला रुमाल मांडीवर ठेवला. त्यात काचेच्या बांगड्या अजून बांधलेल्या होत्या. ती ओरडली नाही. माधवी ओरडण्याची वाट पाहत होती. तिला ते हवं होतं.

"काहून?" शेवटी दीपमालाने विचारलं.

माधवीने तोंड उघडलं. सुरक्षा समिती, 'मॅडम', ठेचा, 'कधी झालं नव्हतं' — एकेक कारण तिच्या डोक्यात आलं, आणि मोठ्याने सांगायला गेलं की एवढंसं होत होतं.

"तू आली म्हून," ती म्हणाली.

नत्थुजींनी मान खाली घातली आणि खापऱ्या उचलायला लागले. दीपमाला उठली, निऱ्या झटकल्या.

"साहेबाले काय सांगायचं ते सोमवारी पाहू. ते तुमीच सांगजा, मी नाही सांगणार." मग तिने दोरीकडे बोट दाखवलं. "पण त्याच्याआधी मले पाह्यचं हाये. अंदाज नको. इथंच बांधा, तशीच ताणा, अन् किती किलोले तुटते ते मोजून द्या."

माधवीने मान हलवली. हे काम तिला येत होतं.

नत्थुजींनी दोरी पुन्हा हौदात बुडवून काढली आणि गच्ची ते टाकी, सरावाला होती तितकीच ताठ बांधली. कप्पी मध्यावर अडकवली. बांधकामाची वाळू कंपाउंडजवळ पडलेली होती. रिकामं पोतं लोखंडी आकड्याने कप्पीखाली टांगलं; पोत्याचं आणि आकड्याचं मिळून वजन एक किलो. माधवीने गोदामातला काटा आणला, एका-एका किलोच्या पिशव्या भरून रांगेत मांडल्या. सरावातला त्रेचाळीसचा आकडा दीपमालाने विटेच्या तुकड्याने टाकीच्या खांबावर लिहिला. ती गाद्यांच्या पलीकडे उभी राहिली.

माधवीने शिडीवर चढून एकेक पिशवी पोत्यात रिकामी करायला सुरुवात केली. दर पिशवीनंतर ती थांबत होती. विसापर्यंत दोरी नुसती खाली आली. तिसाला तिच्यातून पाण्याचे थेंब पिळल्यासारखे पडायला लागले. पस्तिसाला कप्पीजवळचा एक पेड सुटला आणि कुरळा होऊन वर गेला. नत्थुजींनी शिडी घट्ट धरली.

दोरी एकोणचाळीस किलोला तुटली.